नवा वेताळ आणि जुने वाचक

गोवंडीच्या कडेला देवनारचें कचरा टाकण्याचें मैदान १९२७ सालापासून आहे. मुंबईनें टाकून दिलेल्या पुष्कळ वस्तू या भागांत येतात, निवडल्या जातात, काट्यावर चढतात आणि पुन्हां कोणाच्या तरी उपयोगास लागतात. कागदाचेंही तसेंच आहे. वह्या, वर्तमानपत्रें व क्रमिक पुस्तकें यांच्या गठ्ठ्यांतून एखादे वेळीं वेष्टण फाटलेला, टांचण्या गंजलेला असा रंगीत चित्रकथेचा अंक निघतो. त्यावर ‘इंद्रजाल कॉमिक्स’ हीं अक्षरें असलीं, तर जाणता रद्दीवाला तो लगद्याच्या गठ्ठ्यांत जाऊं देत नाहीं. बाजूला काढून ठेवतो. त्याला गिऱ्हाईक असतें, आणि तें गिऱ्हाईक बहुधा लहान मूल नसतें. पन्नाशी-साठी गांठलेला एखादा गृहस्थ तो अंक हातीं घेतो, पानें मोजून पाहतो, आणि घासाघीस न करतां पैसे देऊन निघून जातो.

हाच गृहस्थ त्याच नायकाची नवी, गुळगुळीत कागदावर छापलेली आवृत्ति पाहून मात्र नाक मुरडतो. असें कां व्हावें, हा प्रश्न वाटतो तितका पोरकट नाहीं. आवडती गोष्ट पुन्हां सांगावयास घेतली म्हणजे तिच्यांतील काय राखावें आणि काय बदलावें, हा वाद कीर्तनकारांपासून नाटकमंडळ्यांपर्यंत सर्वांनीं अनुभवलेला आहे. चित्रकथांच्या जगांत तो विशेष तीव्रतेनें होतो, कारण तेथें गोष्टीबरोबर चेहरा, पोशाख आणि रंगही स्मरणांत जाऊन बसलेले असतात.

ज्या नायकाविषयीं बोलावयाचें तो वेताळ होय. ली फॉक या अमेरिकन लेखकानें १७ फेब्रुवारी १९३६ रोजीं वर्तमानपत्रांतील चित्रमालेच्या रूपानें त्यास जन्म दिला. समुद्रावरील चांच्यांनीं सोळाव्या शतकांत एका जहाजावर हल्ला केला. त्यांतून एकच तरुण वांचला. पित्याच्या मारेकऱ्याच्या कवटीवर हात ठेवून त्यानें अन्याय, लोभ आणि क्रौर्य यांच्याशीं झुंजण्याची शपथ घेतली, व आपल्यामागें पुत्रपौत्रांनींही तीच वाट धरावी असा दंडक घालून दिला. तेव्हांपासून बापाचा पोशाख मुलगा चढवितो, आणि अरण्यांतील लोक समजतात कीं, हा पुरुष चारशें वर्षें मेलाच नाहीं. त्याच्या अंगीं दैवी सामर्थ्य मुळींच नाहीं. त्याला उडतां येत नाहीं. त्यास गोळी लागते, जखम होते. लोकांचा विश्वास हेंच त्याचें खरें शस्त्र.

हा नायक आपल्याकडे घरोघर पोंचला तो १९६४ च्या मार्चमध्यें. बोरीबंदरासमोरील टाइम्सच्या प्रकाशनसंस्थेनें त्या महिन्यांत ‘इंद्रजाल कॉमिक्स’ ही माला सुरू केली. ज्यांनीं पुढें ‘अमर चित्र कथा’ काढली, ते अनंत पै या मालेच्या आरंभकाळीं त्याच संस्थेंत होते. माला इंग्रजीबरोबर मराठी, हिंदी व इतर देशी भाषांतूनही निघूं लागली. ज्या स्थानकासमोर हे अंक तयार होत, तेथूनच हार्बरची गाडी सुटे. ती त्या काळीं गोवंडी ओलांडून मानखुर्दलाच थांबे. स्थानकावरच्या पुस्तकविक्रीच्या गाड्यावरून घेतलेला अंक घरीं पोंचेपर्यंत गाडींतच वाचून संपे, आणि मग घरोघर हिंडे. एक अंक दहा मुलें वाचीत. १९९० सालीं माला बंद पडली, तोंपर्यंत ८०० हून अधिक अंक निघाले होते.

मराठी वाचकानें या परक्या वीराला इतक्या लवकर आपलें म्हटलें, याचें मोठें कारण त्याचें मराठी नांव होय. वेताळ हा कोंकणांतील व गोमंतकांतील गांवोगांवचा रक्षक. वेंगुर्लें तालुक्यांतील आरवलीच्या श्रीदेव वेतोबाला भक्त भल्यामोठ्या वहाणा वाहतात. देव रात्रीं गांवाच्या राखणीसाठीं फिरतो व त्या वहाणा झिजतात, अशी श्रद्धा आहे. ज्याच्या आजोळीं असा वेतोबा होता, त्या मुलाला काळोखांत फिरून दुबळ्यांचें रक्षण करणारा दुसरा वेताळ समजावून सांगण्याची गरजच पडली नाहीं. मुंबईच्या चाळींत आणि उपनगरांत कोंकणांतील कुटुंबें काय थोडीं होतीं!

माला बंद पडल्यावर वेताळ निरनिराळ्या प्रकाशकांच्या हातीं फिरला. १९९९ सालीं ली फॉक निवर्तले. तोंपर्यंत, म्हणजे ६३ वर्षें, ते स्वतः कथा लिहीत होते. पुढें २०१० सालीं अमेरिकेंत त्यास नव्यानें उभा करण्याचे दोन मोठे प्रयत्न झाले. ‘द लास्ट फँटम’ या चित्रकथामालेंत आपला वारसा नाकारून बसलेला आधुनिक गृहस्थ कुटुंबाच्या हत्येनंतर पुन्हां त्या वाटेस लागतो, आणि आरंभीं नेहमींच्या पोशाखाऐवजीं अंगाला रंग फासून उभा राहतो. त्याच वर्षींच्या दूरदर्शनपटांत बाविसावा वेताळ एक शहरी तरुण आहे; त्याचा पोशाख यंत्रविद्येनें सिद्ध केलेला असून अंगीं जादा बळ आणणारा आहे. हे दोन्ही अवतार सातासमुद्रांपलीकडून येथील जुन्या वाचकांपर्यंत आले, आणि त्यांच्यांत उभी फूट पडली.

एका पक्षाचें म्हणणें सरळ होतें. जांभळा पोशाख, कमरेचा कवटीचा पट्टा, पांढरा घोडा व लांडगा, हें सारें काढून घेतल्यावर उरतो तो कोणीही असूं शकेल; त्याला वेताळ कशासाठीं म्हणावयाचें? या तक्रारींत केवळ हट्ट आहे असें नाहीं. इतर वीरांचा पोशाख शोभेपुरता असेल. वेताळाचा पोशाख हा कथेचा आधारस्तंभ आहे. बाप आणि मुलगा एकसारखे दिसले तरच तो अमर आहे हा समज टिकतो. आणि यंत्राच्या पोशाखानें बळ आलें, तर निव्वळ माणूस असूनही न डगमगणारा जो नायक मुलांना आवडला होता, तोच नाहींसा होतो. रंग बदलल्यापेक्षां ही हानि अधिक खोल आहे.

दुसऱ्या पक्षांत वाचकांचें वय कमी होतें असें नव्हे. पुष्कळांनीं तेच अंक त्याच वयांत वाचलेले होते. मात्र मोठेपणीं ते पुन्हां उघडतांना त्यांना कांहीं गोष्टी बोचूं लागल्या. काळ्या वर्णाच्या वनवासी लोकांनीं आपल्या संरक्षणासाठीं पिढ्यान् पिढ्या एका गोऱ्या घराण्याकडेच कां पाहावें? परसत्तेचा अनुभव घेतलेल्या देशांतील मुलानें ही गोष्ट आवडीनें वाचावी, आणि प्रौढपणीं त्याला तिचा संकोच वाटावा, हें स्वाभाविक आहे. हा दोष खुद्द फॉक यांच्याही ध्यानांत आला असावा. आफ्रिकेंतील देश स्वतंत्र होऊं लागल्यावर त्यांनीं कथेंतल्या देशाला लामांडा लुआगा नांवाचा तद्देशीय, लोकनियुक्त अध्यक्ष दिला व वेताळाला त्याचा मित्र केलें. म्हणून या पक्षाचें मत असें कीं, नवें रूप हवेंच. मात्र आतां केलेला बदल योग्य जागीं झालेला नाहीं. पोशाख बदलला, पण जो प्रश्न खरोखर विचारावयाचा होता तो तसाच राहिला.

या वादांत एक गोष्ट सहसा ध्यानांत घेतली जात नाहीं. मराठी वाचक ज्याला मूळ वेताळ म्हणतो, तो स्वतःच बदललेला होता. फॉक यांनीं प्रथम कथेच्या देशाला ‘बेंगाली’ असें नांव दिलें होतें आणि चांचे ‘सिंग’ नांवाचे केले होते. हिंदुस्थानांतील वाचकांस हें खटकेल म्हणून इंद्रजालच्या अंकांत त्या देशाचें ‘डेंकाली’ झालें, सिंगांचे ‘सिंगा’ झाले, आणि वेताळाच्या पित्याचा मारेकरी ‘रामा’ होता तो ‘रामालू’ झाला. ठरावीक पानांत बसविण्यासाठीं कथांना कात्रीही लागली. फार काय, फॉक यांच्या मनांत पोशाखाचा रंग करडा होता. २८ मे १९३९ पासून रविवारचीं रंगीत पानें निघूं लागलीं, तीं जांभळा वेताळ घेऊनच. स्वीडनमध्यें तो निळा असतो, इटलींत व ब्राझीलमध्यें तांबडा. त्या त्या देशांतील म्हाताऱ्या वाचकाला आपलाच रंग खरा वाटतो. तेव्हां ज्या अंकासाठीं गोवंडीचा गृहस्थ रद्दीच्या दुकानाशीं थांबतो, तो अंकही एकेकाळीं कोणा संपादकानें धीर करून केलेलें नवें रूपच होतें. तें यशस्वी झालें, म्हणून त्याला कोणीं बदल म्हटलें नाहीं.

मराठींतील घरच्या नायकाबाबतही असेंच घडलें. भा. रा. भागवतांचा फुरसुंगीचा बनेश फेणे, म्हणजे फास्टर फेणे, हा शाळकरी मुलगा. २०१७ सालच्या आदित्य सरपोतदार दिग्दर्शित चित्रपटांत तो वैद्यकीय प्रवेशपरीक्षेसाठीं पुण्यास आलेला तरुण झाला व ती भूमिका अमेय वाघ यांनीं केली. आपल्या शाळेंतला सवंगडी हिरावला गेला, अशी चुटपूट कांहीं जुन्या वाचकांस लागली. इतरांनीं पाहिलें कीं, त्याची चौकसबुद्धि व अन्याय दिसतांच धांवून जाण्याची खोड शाबूत आहे. चित्रपटांत दिलीप प्रभावळकरांनीं साकारलेले भा. रा. भागवतही आहेत, निर्मात्या लेखकालाच साक्षीस बोलाविल्यासारखें तें झालें. वय बदललें तरी स्वभाव राहिला, म्हणून तो फेणे अनेकांनीं आपला मानला.

यावरून कसोटी हातीं येते, आणि ती वेताळाच्या कथेंतच दडलेली आहे. त्या घराण्यांत माणूस प्रत्येक पिढीला बदलतो. विसावा वेताळ जाऊन एकविसावा येतो, तेव्हां चेहरा, वय व आवाज सर्व नवें असतें. बदलत नाहीं ती शपथ. ली फॉकनंतरच्या लेखकासही हाच नियम लागू करावा. त्यानें पोशाखाची काटछांट केली, देशाचें नांव बदललें, फार काय, उद्यां तो पोशाख त्याच भूमींतील एखाद्या कन्येच्या अंगावर चढविला, तरी शपथ पाळली जात असेल तर वारसा चालू आहे. याउलट पोशाख हुबेहूब ठेवून आंत केवळ सूडानें पेटलेला पुरुष उभा केला, तर वारसा तुटला. जुन्या वाचकानें रागवावें, पण तें योग्य ठिकाणीं.

आणि जुन्या वाचकाच्या माथींही एक कर्तव्य येतें. बाजूला काढलेला तो अंक पैसे मोजून घरीं आणावयाचा, पारदर्शक पिशवींत घालून कपाटांत ठेवावयाचा आणि मुलांनीं हात लावला तर रागवावयाचें, हा प्रकार आतां पुष्कळ घरीं आढळतो. दहा मुलांच्या हातांतून फिरण्यासाठीं छापलेल्या वस्तूची ही कैद आहे. त्या वाचकाची खरी खंत नव्या चित्रकारावर नसते. स्वतःचें लहानपण परत येत नाहीं, हीच ती खंत असते, आणि तिच्यावर कोणत्याही प्रकाशकापाशीं इलाज नाहीं.

इलाज असला तर तो घरांतच आहे. गोवंडीच्या एखाद्या खोलींत आजोबा तो फाटका अंक नातवासमोर उघडतील, तेव्हां नातू प्रथम विचारील कीं, याला उडतां कां येत नाहीं. मग आजोबांनीं गोष्ट सांगावी. त्याला उडतां येत नाहीं, तो मरतो, आणि त्याच्या जागीं त्याचा मुलगा उभा राहतो, इतकें त्या मुलास कळलें, म्हणजे तो पुढें कोणत्या रंगाचा वेताळ पसंत करील याची चिंता आजोबांनीं करूं नये.