सारा, आणेवारी आणि सार्वजनिक सभा

कोणावर अन्याय झाला म्हणजे त्यानें न्यायालयांत जावें, असें आपण शहरांत राहणारीं सुशिक्षित माणसें सहज म्हणून जातों. परंतु ज्या काळाची हकीकत मी आज आपणांपुढें ठेवणार आहें, त्या काळीं मुंबई इलाख्यांतील शेतकऱ्याला साऱ्याच्या बाबतींत हा मार्ग मोकळा नव्हता. १८७६ सालीं एक कायदा होऊन जमिनीवरील आकारणी किती असावी, ती न्याय्य आहे कीं नाहीं, याचा विचार करण्याची दिवाणी न्यायालयांना मनाई झाली. जो अधिकारी आकार ठरवी त्याच्याच खात्याकडे त्याविरुद्ध दाद मागावयाची, अशी ही व्यवस्था होती. दार असें बंद झाल्यावर लहान शेतकऱ्याच्या बाजूनें कोण उभें राहिलें, कोणत्या साधनांनीं उभें राहिलें आणि त्यांतून काय निष्पन्न झालें, हा माझ्या आजच्या भाषणाचा विषय आहे.

प्रथम सारा म्हणजे काय तें थोडक्यांत पाहूं. पेशवाई बुडाल्यावर इंग्रज सरकारनें दक्षिणेंत रयतवारी पद्धति आणली. सरकार आणि शेतकरी यांच्यामध्यें जमीनदार नाहीं. प्रत्येक खातेदारानें आपल्या शेताचा ठरलेला आकार परस्पर सरकारांत भरावयाचा. प्रिंगलसाहेबाची पहिली पाहणी फसली आणि तिच्या भारी दरांमुळें गांवेंच्या गांवें ओस पडूं लागलीं. पुढें १८३५-३६ च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट या दोन अधिकाऱ्यांनीं इंदापूर तालुक्यापासून नव्यानें मोजणी सुरू केली. त्यांनीं दर उतरवले व ते तीस वर्षांकरितां कायम केले. शेतकऱ्याला थोडा श्वास मिळाला आणि पडीत जमीन पुन्हां लागवडीस आली.

तीस वर्षें संपलीं तीं मोठ्या विलक्षण वेळीं. १८६१ ते १८६५ या काळांत अमेरिकेंत यादवी युद्ध चालू होतें. तिकडचा कापूस बंद पडल्यानें आपल्याकडील कापसाला सोन्याचा भाव आला आणि त्याबरोबर सर्वच जिनसा महागल्या. त्या तेजीच्या डोळ्यांनीं अधिकाऱ्यांनीं जमिनीकडे पाहिलें आणि १८६७ पासून इंदापूर, भीमथडी वगैरे तालुक्यांत नवे दर बसवले. अनेक ठिकाणीं ही वाढ निम्म्याहून अधिक होती. युद्ध संपलें, भाव कोसळले. वाढलेला सारा मात्र जागचा हलला नाहीं. पीक येवो न येवो, हप्त्याच्या दिवशीं रोकड हवी. कोरडवाहू जमिनीच्या कुणब्याजवळ रोकड कोठली? तो सावकाराकडे जाई, अंगठा उठवी आणि सरकारचें देणें वाण्याच्या वहींत आपल्या नांवावर चढवून घेई. १२ मे १८७५ रोजीं सुपें येथें बाजाराच्या गांवीं शेतकरी उठले व त्यांनीं सावकारांचे रोखे आणि वह्या जाळल्या, त्याचें मूळ या साखळींत आहे. राग सावकारावर निघाला, कारण तो समोर दिसत होता. दंग्यांची चौकशी करणाऱ्या आयोगांतील बहुमतानें सारावाढीवर फारसा ठपका ठेवला नाहीं. परंतु ऑकलंड कॉल्व्हिन या सभासदानें वेगळें मत नोंदवून सारावाढीकडे बोट दाखवलें. खुद्द मुंबई सरकारनेंहि १८७४ सालींच अशी मर्यादा घातली होती कीं, फेरआकारणींत एका गटाची वाढ शेंकडा ३३, एका गांवाची ६६ आणि एका खात्याची १०० यांहून जास्त होऊं नये. अशी मर्यादा घालण्याची पाळी यावी, यावरूनच त्यापूर्वीं काय चाललें होतें याची कल्पना येते.

अशा वेळीं पुण्यांत सार्वजनिक सभा काम करीत होती. तिची स्थापना २ एप्रिल १८७० रोजीं झाली. गणेश वासुदेव जोशी, ज्यांना लोक सार्वजनिक काका म्हणत, हे तिचे प्राण होते; पुढें न्यायमूर्ति रानडे यांची बुद्धि तिला लाभली. या सभेच्या घटनेंतील एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. तिचा सभासद होण्यास केवळ वर्गणी पुरत नसे. निदान पन्नास माणसांच्या सह्यांचें मुखत्यारपत्र आणल्यावांचून कोणास सभासद होतां येत नसे. आरंभींच्या ९५ सभासदांच्या मागें सुमारें ६००० लोकांच्या सह्या होत्या. मताधिकार हा शब्दहि ज्या देशांत रुळला नव्हता तेथें ‘तूं कोणाच्या वतीनें बोलतोस?’ हा प्रश्न सभेनें आपला आपणच विचारून घेतला. १८७२-७३ सालीं सभेनें एक उपसमिति नेमून शेतकरीवर्गाच्या स्थितीची चौकशी केली आणि तिचें प्रतिवृत्त प्रसिद्ध केलें. सरकारी आकड्यांना आकड्यांनीं उत्तर देण्याची आपल्याकडील परंपरा येथून सुरू झाली, असें म्हणावयास हरकत नाहीं.

या कामाची पहिली कसोटी १८७६-७७ च्या दुष्काळांत लागली. सभेनें आपलीं माणसें जिल्ह्याजिल्ह्यांत धाडून पाऊस, पीक, धान्याचे भाव, गुरांची अवस्था यांचीं वृत्तें मिळवलीं आणि तीं वरचेवर सरकारपुढें व लोकांपुढें मांडलीं. १८७७ च्या आरंभीं सर रिचर्ड टेंपल यांच्या धोरणानें दुष्काळी कामावरील मजुरी उतरवण्यांत आली. दिवसभर खडी फोडणाऱ्या धडधाकट पुरुषास एक रत्तल धान्याची किंमत आणि वर थोडासा पैसा, इतक्यावर भागवावें, असा तो हिशेब होता. त्यावर एक अपूर्व गोष्ट घडली. उपाशी माणसांनीं काम टाकलें. हजारों मजूर कामावरून उठून गेले. त्यांनीं दंगा केला नाहीं कीं लूट केली नाहीं. ‘या मजुरीवर मरावयाचें तर आपल्या गांवीं जाऊन मरूं,’ हाच त्या निघून जाण्याचा अर्थ होता. सभेनें त्यांची बाजू उचलून धरली. सत्याग्रह हा शब्द जन्मास येण्यापूर्वीं तीस वर्षें दक्षिणेंतील निरक्षर कुणब्यांनीं तो आचरून दाखवला, याचें आपणांस विस्मरण होऊं नये.

येथें दुसरी बाजूहि सांगितली पाहिजे. सभेंतील पुढारी बहुतेक वकील, पेन्शनर, इनामदार आणि सावकार. शेतकऱ्याच्या नांवानें बोलणाऱ्यांत नांगर धरणारा क्वचितच. जोतीराव फुले यांनीं याच काळांत हा आक्षेप अत्यंत कडक शब्दांत घेतला आणि सभेच्या नांवांतील ‘सार्वजनिक’ या शब्दालाच आव्हान दिलें. हा आक्षेप खोडून काढण्यासारखा नाहीं. सरकारच्या साऱ्याविरुद्ध बोलणें सभेला जितकें सोपें गेलें तितकें सावकाराच्या व्याजाविरुद्ध बोलणें सोपें गेलें नाहीं. शेतकऱ्याचा कैवार घेणाऱ्या प्रत्येक चळवळीला हा प्रश्न पुढेंहि सतावीत राहिला आहे. तरीपण एवढें खरें कीं, सरकारच्या दप्तरांतील आंकडा हा अखेरचा शब्द नव्हे, ही गोष्ट सभेनेंच प्रथम धीटपणें सांगितली.

आतां १८९६ सालाकडे वळूं. तोंपर्यंत सभेचीं सूत्रें लोकमान्य टिळकांच्या हातीं आलीं होतीं आणि रानडे-गोखले यांनीं डेक्कन सभा ही वेगळी संस्था काढली होती. त्या वर्षीं पाऊस गेला. परंतु १८७६ आणि १८९६ यांच्यामध्यें एक मोठा फरक पडला होता. १८८० च्या दुष्काळ आयोगानंतर सरकारनें फॅमिन कोड, म्हणजे दुष्काळासंबंधींचे नियम, तयार केले होते. काम केव्हां काढावें, मजुरी कशी ठरवावी, अपंगांना अन्न कसें द्यावें, हें सर्व त्यांत लिहिलेलें होतें. पीक ठराविक आण्यांपेक्षां कमी आल्यास सारा तहकूब करण्याची किंवा त्यांत सूट देण्याची सोयहि सरकारच्या धोरणांत होती. अडचण एकच होती. हे नियम इंग्रजींत होते, कचेरींतल्या कपाटांत होते, आणि ज्यांच्यासाठीं ते केले त्यांना त्यांचा पत्ताहि नव्हता.

टिळकांच्या चळवळीचें सारें मर्म येथें आहे. त्यांनीं नवा हक्क मागितला नाहीं. सरकारनें छापलेला हक्क मराठींत आणून लोकांच्या हातीं दिला. नियमांचा मतलब सांगणारीं पत्रकें निघालीं, ‘केसरी’नें लेखामागून लेख लिहिले, आणि सभेचे तरुण प्रतिनिधि कोंकणांत व देशावर गांवोगांव फिरले. देवळासमोर, चावडीपुढें लोक जमत. प्रतिनिधि त्यांना सांगे कीं, पीक बुडालें असेल तर बैल विकून सारा भरूं नका, कर्ज काढून भरूं नका, आधीं अर्ज करा. काम मागा, तें देणें सरकारचें कर्तव्य आहे. कचेरींत शिरतांना आजवर जो वांकून शिरे, तो आतां कागद हातांत घेऊन शिरूं लागला.

अंमलदारांना हें सहन झालें नाहीं. सारा माफ झाल्याची खोटी बातमी हे लोक पसरवतात, असा आरोप झाला. कांहीं प्रतिनिधींवर खटले भरण्यांत आले. अखेर मार्च १८९७ मध्यें लॉर्ड सँडहर्स्ट यांच्या सरकारनें ठराव केला कीं, सार्वजनिक सभेला यापुढें लोकांची प्रतिनिधि म्हणून मान्यता नाहीं आणि तिच्या पत्रांचा विचार होणार नाहीं. ज्या सभेनें सत्तावीस वर्षें अर्जविनंत्या केल्या, तिचें तोंड तिनें सरकारचा स्वतःचा कायदा वाचून दाखवल्याबरोबर बंद करण्यांत आलें. बंड करणाऱ्यापेक्षां नियम वाचून दाखवणारा सत्तेला अधिक टोंचतो. बंडखोराला तुरुंगांत टाकतां येतें, पण स्वतःच्याच नियमाला उत्तर काय द्यावयाचें?

सभा गप्प झाली तरी तिनें शिकवलेली विद्या नाहींशी झाली नाहीं. १९०१ सालीं मुंबईच्या कायदेमंडळांत जमीनमहसूल कायद्याच्या दुरुस्तीचें बिल आलें. साऱ्यापायीं खालसा झालेली जमीन सरकारनें पुन्हां देतांना ती विकण्याचा वा गहाण टाकण्याचा हक्क काढून घ्यावा, असा त्याचा रोख होता. कुणब्याचें सावकारापासून रक्षण, हें त्याचें कारण सांगण्यांत आलें. पण या रीतीनें खातेदार हा सरकारचा कूळ बनेल, अशी भीति होती. फिरोजशहा मेहता, गोपाळराव गोखले आणि त्यांचे सहकारी निषेधार्थ सभागृह सोडून गेले. बिल मंजूर झालें, परंतु इलाखा जागा झाला.

पुढें १९१८ सालीं खेडा जिल्ह्यांत महात्मा गांधींनीं जो लढा दिला तोहि आणेवारीचाच होता. नियम असा कीं पीक चार आण्यांहून कमी असेल तर त्या वर्षाचा सारा तहकूब करावा. अधिकारी म्हणत पीक अधिक आहे. शेतकरी म्हणत नाहीं. अधिकाऱ्यानें बांधावरून केलेला अंदाज खरा कीं ज्यानें कणगी भरली त्याचा हिशेब खरा, एवढाच वाद. १८९६ सालीं शेतकऱ्याला नियम कळला होता. १९१८ सालीं तो नियम पाळला जाईना म्हणून त्यानें सारा न भरण्याची शपथ घेतली. १९२८ सालीं बारडोलीनें आणखी एक पाऊल टाकलें. तेथें प्रथम शेंकडा ३० वाढ सुचवण्यांत आली होती. सरकारनें ती सुमारें २२ वर आणली. वल्लभभाई पटेलांची मागणी ‘वाढ देणार नाहीं’ एवढीच नव्हती. ‘निःपक्षपाती चौकशी करा, ती जें सांगेल तें देऊं,’ अशी होती. त्यासाठीं लोकांनीं जप्त्या सोसल्या, भांडीं-गुरें जातांना पाहिलीं, जमिनी खालसा झालेल्या पाहिल्या. ऑगस्टमध्यें तडजोड झाली, ब्रूमफील्ड आणि मॅक्सवेल या दोन सरकारी अधिकाऱ्यांनींच चौकशी केली, आणि त्यांचा निर्णय काय आला? वाढ सुमारें सहा टक्के असावी! १८७६ सालीं न्यायालयाचें जें दार बंद झालें होतें, त्याच्या जागीं लोकांनीं आपल्या संघटनेच्या बळावर दुसरें दार उघडून घेतलें.

श्रोतेहो, इंग्रजांचें राज्य १९४७ सालीं गेलें. आण्यांचा हिशेब जाऊन आणेवारीची पैसेवारी झाली. परंतु पिकाचा अंदाज कोणी करावयाचा, नुकसानीचा पंचनामा कोणी लिहावयाचा आणि तो चुकला तर दाद कोणाकडे मागावयाची, हे प्रश्न स्वराज्यांतहि आपोआप मिटत नाहींत. लोकांच्या मतांवर चालणाऱ्या सरकाराचाहि कागद लहान शेतकऱ्यापर्यंत पोंचतांना वाटेंत अडतो, आणि पोंचलाच तर त्याला समजेल अशा भाषेंत असतोच असें नाहीं.

मोठीं भाषणें, मोठे मोर्चे यांची नोंद इतिहास घेतो. परंतु १८९६ सालीं इंग्रजी नियमांचें मराठी करून तें चावडीपुढें वाचून दाखवणारा जो तरुण होता, त्याचें नांव बहुधा कोठेंच लिहिलेलें नाहीं. या कामाला धैर्याइतकीच चिकाटी लागते, आणि वाचतां-लिहितां येण्यापलीकडे कोणतेंहि विशेष भांडवल लागत नाहीं. तें भांडवल मला ऐकणाऱ्या प्रत्येक घरांत आहे. आपणांपैकीं बहुतेकांचें एखादें गांव अजून कोठें तरी आहे. तेथें कोणाच्या तरी हातांत एक न समजलेला सरकारी कागद आहे. तो त्याच्याजवळ बसून वाचून दाखवणें, हेंहि राजकारणच आहे. आणि सार्वजनिक काकांनीं ज्या राजकारणाचा पाया घातला त्यांतील तें सर्वांत जुनें व सर्वांत खरें काम आहे.