तुपाच्या थेंबाखालीं



१८९६ सालच्या सप्टेंबरांत मुंबईच्या मांडवी भागांत गांठीचा ताप ओळखला गेला, आणि पुढील कांहीं महिन्यांत लोक घरांना कुलपें लावून गांवीं पळूं लागले. त्या दिवसांत ग्रँट मेडिकल कॉलेजांतील एका लहानशा जागेंत वाल्देमार हाफकिन हे शास्त्रज्ञ मांसाचें सार करून त्यावर तुपाचे थेंब सोडीत होते! आपण हंसाल, पण प्लेगचे जंतु त्या तरंगत्या तुपाला धरून वाढत आणि झुंबराच्या लोलकांप्रमाणें सारांत लोंबूं लागत. पुरेशी वाढ झाल्यावर तें सार तापवून त्यांनीं जंतु मारले, आणि १० जानेवारी १८९७ रोजीं ती लस प्रथम स्वतःच्याच अंगांत टोंचून घेतली. त्यांना ताप भरला.

मेलेल्या जंतूंनीं ताप कां यावा? रक्तांतील पांढऱ्या पेशी जंतु जिवंत कीं मृत, याची चौकशी करीत बसत नाहींत. त्याच्या अंगावरील द्रव्यांची ठेवण परकी दिसली कीं पुरे. कांहीं पेशी त्याला गिळून टाकतात. कांहीं, कुलपाला किल्ली बसावी तसे त्या ठेवणीला नेमके बसणारे प्रतिपिंड तयार करतात. पहिल्या खेपेस या कामाला एक-दोन आठवडे लागतात, आणि खरा प्लेग तितकी उसंत क्वचितच देतो. लस ती उसंत आगाऊ मिळवून देते. अर्थात् हाफकिनसाहेबांची लस म्हणजे कांहीं अमरपट्टा नव्हे. तिचें संरक्षण अपुरें असे आणि कांहीं महिन्यांत ओसरे.

आतां, त्याच सारांत देवीच्या फोडांतील लस सोडली असती तर? कांहींच वाढलें नसतें. प्लेगचा जंतु ही एक पूर्ण पेशी आहे. ती अन्न घेते, दुभंगते, एकाच्या दोन होते. देवीचा रोग विषाणूचा, आणि विषाणूला स्वतःचें स्वयंपाकघरच नसतें. थोडें जननद्रव्य आणि भोंवतीं आवरण, एवढाच त्याचा संसार. जिवंत पेशींत शिरून तिच्याच भांड्यांत तो आपल्या प्रती शिजवून घेतो. म्हणूनच १८०२ च्या जूनमध्यें मुंबईंत अ‍ॅना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला हिंदुस्थानांतील पहिली यशस्वी लस टोंचल्यावर, ती पुढें नेण्यास बाटली उपयोगाची नव्हती. एका मुलाच्या हातावरील फोडांतून ती दुसऱ्याच्या हातावर घ्यावी लागे.

हा भेद घरांत फार उपयोगी आहे. सर्दीनें मूल बेजार झालें कीं मागच्या दुखण्यांतल्या उरलेल्या गोळ्या शोधणारे वडीलधारे मीं पुष्कळ पाहिले आहेत. मायेपोटींच तें होतें. परंतु पेनिसिलिनचा घाव पडतो तो जंतूच्या पेशीभिंतीवर, आणि सर्दी आणणाऱ्या विषाणूला ती भिंतच नाहीं. तसल्या गोळीला मग मुलाच्या आंतड्यांतले निरुपद्रवी जंतु सांपडतात. त्यांतले पुष्कळ मरतात. जे थोडे तिला दाद देत नाहींत, ते मोकळ्या झालेल्या जागेंत वाढूं लागतात.