खेळाचा वारसा



समितीने मला दहा मिनिटं दिली आहेत, आणि धावण्याच्या प्रशिक्षकाला वेळ पाळावीच लागते. गेली २२ वर्षं मी तालुक्यातल्या मुलामुलींना धावायला शिकवतो. नाव नोंदवायला येणाऱ्या पालकांचं पहिलं वाक्य बहुतेक वेळा ठरलेलं असतं : "सर, आमच्या घरात कुणी खेळाडू नाही हो." आज नाश्त्याच्या रांगेतही आपल्यातल्या दोघांनी तेच ऐकवलं. म्हणून त्यावरच बोलतो.

रक्तातून काहीच येत नाही, असं मी म्हणणार नाही. उंची येते, स्नायूंची ठेवण येते. पी. व्ही. सिंधूचे आईवडील दोघंही व्हॉलीबॉलपटू. वडील रमणा १९८६च्या सोल आशियाई स्पर्धेत ब्राँझ मिळवणाऱ्या भारतीय संघात होते. मुलीला उंची मिळाली, पण तिने व्हॉलीबॉल धरला नाही. २००१ साली गोपीचंद ऑल इंग्लंड जिंकला, आणि ती बॅडमिंटनकडे वळली. लिएंडर पेसचंही तसंच. वडील वेस पेस मूळचे गोव्याचे, १९७२च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये हॉकीत ब्राँझ मिळवलेले. आई जेनिफर बास्केटबॉलमध्ये भारताची कर्णधार. आणि लिएंडरने १९९६ला अटलांटाहून ब्राँझ आणलं ते टेनिसचं!

म्हणजे खेळ रक्तातून आला नाही. खेळाडूच्या घरात वेगळंच काही मिळतं. पहाटे उठण्याचं कुणाला नवल वाटत नाही. हरून आलेल्या पोराला कुणी "आता अभ्यासाला लाग" म्हणत नाही. गुडघा दुखला तर तेल चोळायचं की डॉक्टर गाठायचा, हे कळतं. (वेस पेस तर स्वतःच क्रीडावैद्यकातले डॉक्टर.)

याची दुसरी बाजूही आहे. सुनील गावसकरांच्या कसोटीत १०,१२२ धावा. मुलगा रोहन भारताकडून ११ एकदिवसीय सामने खेळला, कसोटी एकही नाही. देशाकडून ११ सामने ही केवढी मोठी कमाई! पण आपण लगेच आडनावाने भागाकार करतो. माझ्याकडेही जुन्या खेळाडूंची मुलं येतात. पहिले सहा महिने त्यांची वेळ मी आईबापांना सांगतच नाही. भांडतात, पण सांगत नाही.

हल्ली थुंकीच्या नमुन्यावरून 'स्पीड जीन' तपासून देणारेही निघालेत. अशा चाचण्यांवरून गुणी मुलं निवडू नयेत, असं २०१५ साली या विषयातल्या तज्ज्ञांनी एकत्र येऊन लिहून ठेवलं आहे. त्या पैशात चांगले बूट येतात.

आता आपल्या शाळेकडे येतो. ज्यांच्या घरी कुणी खेळलेलं नाही, त्या मुलांना ते घर कुठे मिळणार? आपल्याला मिळालं ते मैदानावर, कारण पी.टी.चे सर उजाडायच्या आत फाटक उघडायचे. आज तेच फाटक शाळा भरेपर्यंत बंद असतं. निधीतून प्रवेशद्वाराला कमान बांधायचं घाटतंय. कमानीवर आपल्या बॅचचं नाव येईल, मलाही ते वाचायला आवडेल. पण माझी मागणी वेगळी आहे : सकाळी साडेपाच ते साडेसात मैदान उघडं, मानधनावर एक प्रशिक्षक, प्रथमोपचाराची पेटी, आणि सरावानंतर भिजवलेले हरभरे नि केळी. आठवड्यातून दोन दिवस मी स्वतः येईन, त्याचं मानधन नको.

जेवणानंतर समिती बसणार आहे. पानं वाढलीत, ताटकळत ठेवत नाही. पण जेवून लगेच गाडी काढू नका, हात वर करायला थांबा.