काळ निवडत नाही, आपण निवडतो



तुम्हा सर्वांचं मनःपूर्वक अभिनंदन. तुमच्या पदवीत तुमच्या आईवडिलांचे कष्टही आहेत, म्हणून त्यांचंही अभिनंदन.

एका पिढीने डोक्यावर घेतलेलं गाणं, नाटक किंवा चित्रपट पुढच्या पिढीला का भावतो, किंवा का विसरला जातो, याविषयी आज बोलणार आहे. ‘जे अस्सल असतं ते टिकतं, बाकीचं काळाच्या ओघात वाहून जातं’, असं आपण सहज म्हणून जातो. मला ते पटत नाही.

१४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रपटगृहात ‘आलम आरा’ लागला. भारताचा हा पहिला बोलपट. गर्दी आवरायला पोलीस बोलवावे लागले, गाणी घरोघरी गेली. आज त्याची एकही प्रत उपलब्ध नाही. तेव्हाची नायट्रेट फिल्म सहज पेट घेई, नीट न ठेवल्यास नासून जाई. तिच्यात चांदीचा अंश असल्यामुळे खेळ संपलेल्या कित्येक चित्रपटांच्या प्रती चांदी काढण्यासाठी विकल्या गेल्या. त्या काळचे किती चित्रपट असे गेले! ते चांगले होते की वाईट, हे ठरवण्याची संधीसुद्धा आपल्याला उरली नाही.

त्याच्याही जवळजवळ पन्नास वर्षं आधी, १८८२ मध्ये, अण्णासाहेब किर्लोस्करांचं ‘संगीत सौभद्र’ पुण्यात रंगभूमीवर आलं. त्याचे प्रयोग अजून होतात. सुभद्रेचं मन अर्जुनावर, थोरल्या भावाने ठरवलेलं स्थळ दुर्योधनाचं, आणि धाकटा भाऊ पडद्यामागून सूत्रं हलवणारा! पात्रं पुराणातली असली, तरी हा पेच कुठल्याही मराठी घरातला आहे. चालीही अण्णासाहेबांनी लोकांच्या कानावर असलेल्याच घेतल्या: कीर्तनातल्या साक्या-दिंड्या, लावणी, कानडी पदं, रागदारी. शिवाय त्या पदांमध्ये गायकाला मोकळीक होती. भाऊराव कोल्हटकरांची सुभद्रा वेगळी, बालगंधर्वांची वेगळी. पुढे रात्रभर चालणारा खेळ काही तासांवर आला, पदं गाळली गेली, तरी नाटक मोडलं नाही. पुढच्याला आपलं काही घालता येईल अशी जागा ज्या कलाकृतीत असते, तिला दीर्घायुष्य लाभण्याची शक्यता वाढते, असं मला वाटतं.

मग प्रासंगिक विषयाचं काय? गोविंद बल्लाळ देवलांचं ‘संगीत शारदा’ १८९९ चं. पैशाच्या लोभाने कोवळी मुलगी म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधण्याची चाल हा त्या वेळचा जळता प्रश्न. १९२९ साली बालविवाह प्रतिबंधक कायदा झाला. पण शारदेचा प्रश्न जुना झाला नाही, कारण देवलांनी तिला सुधारणेचं उदाहरण म्हणून उभं केलं नाही. तिला मैत्रिणी दिल्या, आईशी बोलायला शब्द दिले, भीती दिली, संताप दिला. माझ्या आयुष्याचा निर्णय माझ्याविना का, हे विचारणारी मुलगी आजही प्रेक्षागृहात बसलेली असते.

याउलट, दुबळ्याच्या अपमानावर उभा असलेला विनोद लवकर विटतो. कुणाच्या रंगावर, जातीवर, व्यंगावर एके काळी हशे वसूल झाले. ज्यांच्यावर हसलो तीच माणसं आता शेजारच्या खुर्चीत प्रेक्षक म्हणून बसली आहेत, म्हणून हसू येत नाही. अशा विनोदाचं विझणं ही समाजाची प्रगती आहे. त्याबद्दल हळहळू नये; मात्र त्याची नोंद ठेवावी, म्हणजे आपण कुठून आलो ते कळतं.

आणि नोंद ठेवायची तर ठेवणारं माणूस लागतं. १९६४ मध्ये पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झालं. पी. के. नायर यांनी आपलं आयुष्य त्या कामाला वाहिलं. गोदामं, अडगळी, जुन्या निर्मात्यांची घरं धुंडाळून त्यांनी डबे गोळा केले. दादासाहेब फाळक्यांच्या चित्रपटांचे जे अंश आपण आज पाहू शकतो, त्यामागे नायरांची ही पायपीट आहे. काय जपावं याचा निवाडा त्यांनी घाईने केला नाही. आधी जपलं, पारख पुढच्यांवर सोपवली.

मित्रांनो, यापुढे हे काम तुमचं आहे. आज सगळं मोबाइलमध्ये आहे असं वाटतं. पण एखादी कंपनी बंद पडली, करार संपला, की गाणं एका रात्रीत नाहीसं होतं. म्हणून तुमच्या गावच्या तमाशा फडातल्या वृद्ध कलावंताचा वग ध्वनिमुद्रित करा. आजीच्या ओव्या तिच्या नावासह उतरवून घ्या. जुनं नाटक आवडलं तर ते बसवा, हवं तिथे कापा, खटकलं तर त्याच्याशी भांडा. तुमच्यापैकी जे लिहितील, गातील, चित्रपट करतील, त्यांनी माणसाला त्याच्या प्रश्नापेक्षा मोठं ठेवावं आणि पुढच्याला हात घालायला जागा सोडावी.

शंभर वर्षांनी लोक कशावर हसतील, काय गुणगुणतील, याचा मोठा भाग तुम्ही आज काय सांभाळता यावर ठरणार आहे. ही जबाबदारी आनंदाने घ्या.