आधी अंडी, मग गळ

आपल्याकडे मे महिना उकाड्याचा, आंब्यांचा आणि पावसाची वाट पाहण्याचा. अमेरिकेच्या उत्तर टोकाला असलेल्या मिनेसोटा राज्यात आणि सीमेपलीकडे कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात मात्र तो मासेमारीचा महिना असतो. तिथल्या दोन माशांची ही गोष्ट आहे. आपल्या बाजारात हे मासे मिळत नाहीत, पण त्यांच्यामुळे उभा राहिलेला प्रश्न आपल्या ओढ्याकाठीही आहे.

मिनेसोटातल्या मोटारींच्या नंबरप्लेटवर ‘दहा हजार तळी’ असे शब्द असतात. हा आकडा तसा विनयाचाच म्हणायचा. दहा एकरांहून मोठी तळी मोजली, तर ती ११,८४२ भरतात. हिवाळ्यात ही तळी इतकी गोठतात, की बर्फावरून मोटारी जातात. साधारण एप्रिलच्या उत्तरार्धात बर्फ फुटतं, आणि मेच्या मध्यावरच्या एका शनिवारी हंगाम उघडतो. १९४८ पासून राज्याच्या गव्हर्नरनी या वेळी गळ टाकायला जाण्याची प्रथा आहे. गंमत अशी, की बऱ्याचदा त्याच रविवारी तिथला मातृदिन येतो. मग आईकडे जायचं की तळ्यावर, यावरून घरोघरी थट्टा चालते.

या दिवशी सगळ्यांना हवा असतो तो वॉलआय. हा मिनेसोटाचा राज्यमासा. अंग सोनेरी-हिरवट आणि डोळे काचेच्या गोटीसारखे. मांजरासारखाच याच्या डोळ्यात प्रकाश परतवणारा एक थर असतो, त्यामुळे अंधुक उजेडात त्याला छान दिसतं. म्हणून जाणकार लोक पहाटे किंवा तिन्हीसांजेला निघतात. दिवसा जायचंच, तर वारा सुटायची वाट बघतात. पाण्यावर बारीक लाटा उठल्या, की ऊन खोल शिरत नाही आणि वॉलआय उथळ पाण्यात खायला येतो. आमिष म्हणून गळाला छोटा मासा लावतात. पाणी थोडं तापलं, की गांडूळ किंवा चक्क जळू लावतात! मासा मिळाला, की किनाऱ्यावरच चूल पेटवून बटाट्यांबरोबर तो तळायचा. मांस पांढरं, चव सौम्य आणि काटे कमी.

दुसरा मासा स्मॉलमाउथ बॅस. तपकिरी रंग, अंगावर उभे पट्टे, वस्ती खडकाळ जागी. गळाला लागला, की पाण्याबाहेर उड्या मारतो. झुंज हवी असणारे याच्या मागे असतात.

दोघंही उन्हाळ्याच्या तोंडाशीच सापडतात, पण तेव्हा दोघांची अवस्था अगदी वेगळी असते. बर्फ गेल्या-गेल्या, पाणी सहा ते दहा अंश सेल्सिअस असतानाच वॉलआय रात्रीच्या वेळी दगडगोट्यांवर अंडी घालतो. एकेक मादी हजारो, मोठी असेल तर लाखांनी अंडी सोडते आणि निघून जाते. राखण कोणी करत नाही. हंगाम उघडतो, तोवर बहुतेक ठिकाणी हे काम उरकलेलं असतं आणि मासे भुकेलेले असतात. मेच्या मध्यापर्यंत हंगाम बंद ठेवतात, तो याचसाठी.

बॅसचं काम मात्र तेव्हा सुरू व्हायचं असतं. पाणी पंधरा अंशांच्या पुढे गेलं, की नर शेपटीनं वाळू-गोटे झाडून ताटासारखं गोल घरटं करतो. मादी अंडी घालून जाते आणि बाप राखणीला उभा राहतो, पिल्लं स्वतंत्र होईपर्यंत, काही आठवडे. या काळात तो धड खातही नाही. जवळ येईल त्यावर तुटून पडतो, मग ते गळाचं आमिष का असेना. म्हणजे भुकेपोटी नव्हे, तर पिल्लांपायी तो गळाला लागतो.

आता कोणी म्हणेल, पकडला आणि लगेच सोडून दिला, तर काय बिघडलं? ओंटारिओतल्या तळ्यांवर याचा अभ्यास झाला आहे. बाप काही मिनिटं बाजूला झाला, तरी टपलेले छोटे मासे अंड्यांवर आणि पिल्लांवर ताव मारतात. बरीच अंडी गेली, की परत आलेला बापही घरटं सोडून देतो. भरीस भर अशी, की मोठी वीण राखणारा धष्टपुष्ट नर अधिक त्वेषानं धावून येतो, म्हणून तोच आधी सापडतो. ओंटारिओच्या बऱ्याच भागांत बॅसचा हंगाम जूनमध्ये उघडतो, त्यामागे हाच विचार आहे.

नियम केले, की सगळं सुरळीत होतं असंही नाही. मिनेसोटात मिल लॅक्स नावाचं विस्तीर्ण तळं आहे, सुमारे ५३० चौरस किलोमीटरचं. वॉलआयसाठी त्याची ख्याती. १८३७ च्या करारानं तिथल्या ओजिब्वे या मूळ रहिवाशांना मासेमारीचा हक्क राहिला होता, आणि १९९९ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं पाच विरुद्ध चार मतांनी तो मान्य केला. तेव्हापासून किती वॉलआय काढायचे, हे राज्य आणि ओजिब्वे मिळून ठरवतात. पुढे वॉलआय घटले, तेव्हा पुष्कळांनी ओजिब्वेंकडे बोट दाखवलं. पण तळंच बदलत होतं. २००५ मध्ये तिथं बाहेरून आलेले झेब्रा शिंपले सापडले. ते पाणी गाळून नितळ करतात. नितळ पाण्यात ऊन खोलवर जातं, आणि मंद उजेड मानवणाऱ्या वॉलआयला जागा कमी पडते. पाणीही तापत होतं. २०१५ च्या ऑगस्टमध्ये राज्याला तिथली वॉलआयची मासेमारी मधेच थांबवावी लागली. आसपासच्या लॉजवाल्यांचं, आमिष विकणाऱ्यांचं त्यावर पोट होतं. त्याच तळ्यात बॅस मात्र वाढला, इतका की २०१७ मध्ये ‘बॅसमास्टर’ मासिकानं हे तळं देशात पहिलं ठरवलं. पुढे वॉलआय सावरू लागले, तसे तिथले निर्बंध हळूहळू सैल झाले.

आणखी एक काळजी आहे. हिवाळे सौम्य झाल्यानं बर्फ लवकर जाऊ लागलं आहे. २०२४ मध्ये तर मिनेसोटातली कित्येक तळी मार्चमध्येच मोकळी झाली. पण बर्फ ज्या वेगानं अलीकडे सरकतं, त्या वेगानं वॉलआयची अंडी घालण्याची वेळ सरकत नाही, असं संशोधकांना दिसलं आहे. पिल्लं बाहेर येतात, तेव्हा त्यांचं बारीक खाद्य पाण्यात असेलच, याची खात्री उरत नाही. भिंतीवरच्या कॅलेंडरात तारीख तीच राहते, पाण्याचं कॅलेंडर मात्र बदलतं.

आपल्याला हे परकं नाही. नारळी पौर्णिमेला नारळ अर्पण केल्याशिवाय होडी समुद्रात न लोटणारे आपले कोळी बांधव पाण्याचं हे कॅलेंडर पिढ्यान्‌पिढ्या जाणतात. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते, तिच्यामागचा एक हेतू माशांच्या विणीला उसंत मिळावी हाच आहे. पण गोड्या पाण्याचं काय? मृगाच्या पहिल्या सरींबरोबर मासे ओढ्यांतून, भातखाचरांतून वर चढतात. त्यांना आपण कौतुकानं ‘चढणीचे मासे’ म्हणतो आणि रात्री बत्त्या घेऊन धरायला जातो. हे मासे अंडी घालायला निघालेले असतात, आणि पोटातली गाभोळी आपण मिटक्या मारीत खातो. पूर्वी थोडी माणसं थोडे मासे धरायची, ओढेही भरलेले असायचे. आता ओढ्यांवर बांध आले, पाणी आटलं, धरणारे हात वाढले.

चढण मुळीच धरू नये, असं कोणाला सांगून पटायचं नाही. मात्र पहिल्या पुराचे चार दिवस ओढा तसाच सोडायचा आणि मग पाग टाकायचा, एवढं तरी गावानं एकत्र बसून ठरवता येईल. पुढच्या मृगालाही ओढ्यात मासे चढायला हवे असतील, तर यंदा चढणाऱ्यांतल्या काहींना वरपर्यंत पोहोचू द्यायला हवं.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)