वादळातील श्रद्धा



ज्यांच्या स्मृतीला वंदन करण्यासाठी आपण येथे जमलो आहोत, त्या गुरुजींनी शब्दांचे अर्थ कोशात पाहावेत आणि माणसांच्या जगण्यातही शोधावेत, असे आम्हांला शिकविले. आज ‘श्रद्धा’ या एका शब्दाचा तसा शोध घ्यावा, असा माझा विचार आहे. मी ख्रिस्ती नाही. तरीही या शब्दाचा एक अर्थ मला मराठीतील ख्रिस्ती साहित्याने आणि पेडण्यातील माझ्या एका ख्रिस्ती शेजारणीने शिकविला, हे मी कृतज्ञतेने नमूद करतो.

१६ मे २०२१ रोजी तौक्ते चक्रीवादळाने गोव्याला झोडपले, तो दिवस आपणांपैकी पुष्कळांना आठवत असेल. आमच्या घरावर फणस कोसळला. वीज गेली. आयुष्यभर संतवाङ्मय शिकविलेला मी देवापाशी हात जोडून बसलो होतो. पण चित्त ठिकाणावर नव्हते. अशा वेळी शेजारची वृद्ध विधवा विजेरी घेऊन दारात आली. तिच्या स्वतःच्या घराची कौले उडाली होती. “तुम्हांला भीती नाही वाटली?” मी विचारले. “वाटली तर! पण तुम्ही दोघे म्हातारी माणसे घरात एकटी आहात, हे आठवले,” ती म्हणाली. भय सरल्यावर ती निघाली नव्हती. भय असतानाच निघाली होती.

त्या रात्री नव्या करारातील वादळाची कथा मी पुन्हा वाचली. गालीलच्या सरोवरात होडी बुडू पाहत आहे आणि येशू झोपलेला आहे. शिष्यांपैकी काहीजण जातीचे मच्छीमार. त्यांचे भय अडाण्यांचे नव्हते, पाणी ओळखणाऱ्यांचे होते. मार्काच्या शुभवर्तमानात येशू आधी वादळ शांत करतो आणि मग शिष्यांना त्यांच्या भयाविषयी विचारतो. मत्तयाच्या कथनात मात्र प्रश्न आधी येतो, लाटा होडीवर आदळत असताना. वादळ त्यानंतर शमते. मला मत्तयाची ही मांडणी फार मोलाची वाटते. वारा पडल्यावर निर्धास्त होण्यास श्रद्धा कशाला हवी?

ही ख्रिस्तकथा गोव्यात मराठी ओवीत आणणारे फादर थॉमस स्टीफन्स यांना समुद्रातील संकट केवळ ऐकून ठाऊक नव्हते. हे इंग्रज जेझुइट ४ एप्रिल १५७९ रोजी लिस्बनहून निघाले आणि २४ ऑक्टोबरला गोव्यास पोहोचले. आफ्रिकेच्या दक्षिण टोकाजवळील संकटाचे आणि जहाजावरील आजारांचे वर्णन त्यांनी वडिलांना लिहिलेल्या पत्रात केले आहे. पुढे सुमारे चाळीस वर्षे ते येथेच राहिले. त्यांचे सुमारे अकरा हजार ओव्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये राचोल येथे छापले गेले.

मात्र त्याच काळात धर्माच्या नावाने या भूमीत भयही पेरले गेले. ते झाकून ठेवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. आपल्या डिचोलीतील नार्वे येथील सप्तकोटेश्वर हा दिवाडी बेटावरून नदीपार आणलेला देव. त्याचे मंदिर शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये पुन्हा उभारविले. भयाने माणसाची मान वाकविता येते. त्याच्या अंतःकरणात श्रद्धा उत्पन्न करता येत नाही.

याची साक्ष लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’त मिळते. नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला, तेव्हा कर्मठ घरात वाढलेल्या लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळले. लहानग्या मुलाला घेऊन त्या काही वर्षे पतीपासून वेगळ्या राहिल्या. पुढे त्या पतीकडे परतल्या, परंतु त्याचा धर्म त्यांनी लगेच स्वीकारला नाही. सोवळ्याओवळ्याचे आणि जातिभेदाचे भय स्वतःच्या विचाराने गळून पडले, त्यानंतरच १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. ही श्रद्धा उसनी नव्हती. म्हणूनच १९१९ मध्ये टिळक निवर्तले तरी ती उभी राहिली. शाळेचे तोंडही न पाहिलेल्या या बाईंनी पतीचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ पूर्णत्वास नेले. साठी उलटल्यावर, १९३४ पासून, ‘स्मृतिचित्रे’ ग्रंथरूपाने येऊ लागली. एवढे सोसलेली ही बाई त्यांत स्वतःच्या फजितीवर मनमोकळी हसते.

विद्यार्थिमित्रांनो, वादळे केवळ वाऱ्याचीच नसतात. २०१२ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये खाणी बंद पडल्या, तेव्हा डिचोलीत कितीतरी दारांत ट्रक उभे राहिले. कर्जाचे हप्ते मात्र थांबले नाहीत. अशा घरातील मुलाला ‘श्रद्धा ठेव’ एवढेच सांगणे सोपे आहे, आणि काहीसे निष्ठुरही. श्रद्धेने हप्ता फिटत नाही. परंतु हप्ता थकला म्हणून शेजाऱ्यापासून तोंड लपवू नये, आणि शेजाऱ्यानेही आपले दार लावून घेऊ नये, एवढे बळ ती देते. शेजारणीच्या हातातील विजेरीने वादळ थांबविले नव्हते. आमचे एकटेपण मात्र संपविले होते.

आमच्या लहानपणी एखादा मुलगा दोन दिवस शाळेत आला नाही, तर गुरुजी भर पावसात त्याच्या घरी जात. श्रद्धेवर त्यांनी कधी व्याख्यान दिल्याचे मला स्मरत नाही. त्यांच्या चिखलाने माखलेल्या वहाणा मात्र डोळ्यांसमोरून हलत नाहीत. आपल्या वर्गातले कोण आज आलेले नाही, हे घरी जाताना एकदा मनाशी आठवून पाहा.