उतारावर जन्मलेली सायकल

सायकलींच्या दुकानांत हल्लीं जाड, खांचाखांचांच्या टायरांची आणि सरळ आडव्या हँडलची जी गाडी उभी असते, तिला दुकानदार 'माउंटन बाईक' म्हणतो आणि शाळकरी मुलगाही ती त्याच नांवानें मागतो. हा शब्द आज साऱ्या जगाचा झाला आहे. परंतु श्रोतेहो, प्रारंभीं हें एका लहानशा कंपनीचें नांव होतें, आणि तें त्या कंपनीस आपल्यापाशीं राखतां आलें नाहीं. त्या कंपनीची हकीकत आज सांगावयाची आहे.

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर सॅन फ्रॅन्सिस्को शहर सोडून गोल्डन गेटचा पूल ओलांडला, कीं मॅरिन परगणा लागतो. तेथें तमालपाइस नांवाचा सुमारें अडीच हजार फूट उंचीचा पर्वत आहे. त्याच्या आसपासच्या टेकड्यांवर वणवा लागल्यास आगीचे बंब नेतां यावेत म्हणून कच्चे रस्ते खोदून ठेवलेले आहेत. १९७० नंतरच्या कांहीं वर्षांत या रस्त्यांवर तरुणांची एक टोळी जुन्यापुराण्या सायकली घेऊन भटकूं लागली. त्यांतले कित्येक डांबरी रस्त्यावरच्या शर्यतींत मुरलेले गडी होते. गॅरी फिशर हा त्यांपैकींच एक. त्याचा जन्म १९५० सालचा, आणि बाराव्या वर्षापासून तो शर्यतींत उतरत असे. १९६८ सालीं त्यास शर्यतींतून वगळण्यांत आलें, तें केवळ केस फार लांब वाढविल्याच्या अपराधाबद्दल! पुढें चार वर्षांनीं ही बंदी उठली. नियमांच्या चौकटीबाहेरील डोंगराळ रस्ते त्यास प्रिय झाले असतील, तर त्यांत नवल नाहीं.

या मंडळींच्या सायकली म्हणजे श्विन कंपनीनें दुसऱ्या महायुद्धाच्या आगेंमागें केलेल्या बोजड गाड्या. फ्रेम भक्कम, टायर दोन इंचांहून रुंद आणि फुगीर. वजन मात्र चाळीस पौंडांच्या वर. भंगाराच्या भावांत त्या मिळत, आणि मोडल्या तरी हळहळ वाटत नसे. चढावर त्या ढकलत न्यावयाच्या आणि उतारावर सोडून द्यावयाच्या, हा खेळ.

खेळ म्हटला, कीं 'सर्वांत वेगवान कोण?' हा प्रश्न आलाच. त्याचा निकाल लावण्यासाठीं चार्ली केली यानें १९७६ च्या ऑक्टोबर महिन्यांत २१ तारखेस फेअरफॅक्स गांवाजवळच्या एका उतारावर शर्यत भरविली. रस्ता सुमारें दोन मैलांचा. तेवढ्यांत उतरण तेराशें फुटांची. वाटेंत खडी, चर आणि आंधळीं वळणें. दोन दोन मिनिटांच्या अंतरानें एकेक स्वार सोडावयाचा आणि घड्याळ लावून त्याची वेळ टिपावयाची. या गाड्यांस ब्रेक एकच, तोही मागील चाकाच्या तुंब्याच्या पोटांत. पेडल उलटें दाबलें कीं लागणारा. सपाटीवर तो ठीक. पण या उतारावर तो इतका तापे, कीं आंतील ग्रीस जळून तिचा धूर निघत असे. तळाशीं पोंचल्यावर तुंबा उघडून त्यांत नवी ग्रीस भरल्यावांचून गाडी पुन्हां चालविण्याजोगी राहत नसे. या 'पुन्हां भरण्या'स इंग्रजींत 'रीपॅक' म्हणतात. उतारासही तेंच नांव पडलें. तेथील उच्चांक फिशरचा: चार मिनिटें बावीस सेकंद. म्हणजे ताशीं पंचवीस मैलांहून अधिक सरासरी वेग, आणि तो असल्या ब्रेकवर.

माझ्या मतें माउंटन बाईकची खरी प्रयोगशाळा हीच. कोणा यंत्रशास्त्रज्ञानें कागदावर आराखडा काढला आणि गाडी जन्मास आली, असें झालें नाहीं. जो भाग उतारावर मोडला तो बदलावयाचा, जो टिकला तो ठेवावयाचा, असा हा क्रम. क्यूपर्टिनो गांवच्या कांहीं स्वारांनीं १९७४ च्या डिसेंबरांत मॅरिनमधील एका शर्यतीस जुन्याच सायकली आणल्या होत्या, पण त्यांस गिअर बसविलेले होते. तें फिशर आदि मंडळींनीं पाहिलें. मग फिशरनेंही आपल्या जुन्या श्विनला गिअर, जोडसायकलीचे ड्रम-ब्रेक आणि मोटारसायकलीचे ब्रेक-दांडे लावले. गाडीचें वजन वाढलें खरें, पण आतां ती डोंगर उतरण्याप्रमाणें चढण्याच्याही कामाची झाली.

मात्र जुन्या फ्रेमी तुटत, आणि नव्या कोणी करीत नव्हतें. १९७७ सालीं जो ब्रीझ या शर्यतपटूनें स्वतःच्या हातानें या कामासाठीं मुद्दाम पहिली फ्रेम घडविली. १९७९ सालीं टॉम रिची या कुशल कारागिरानें केलेल्या फ्रेमी विकण्यासाठीं फिशर आणि केली यांनीं एक गाळा भाड्यानें घेतला व दुकान थाटलें. दुकानाचें नांव 'माउंटनबाईक्स'. एका सायकलीची किंमत सुमारें तेराशें डॉलर. एवढा पैसा मोजून चिखलांत घालण्याची गाडी कोण घेणार, असें शहाण्यांस वाटलें असेल. पण घेणारे निघाले.

यापुढील भाग व्यापाराचा आहे, आणि तो तितकासा रम्य नाहीं. १९८१ सालीं स्पेशलाइज्ड या कंपनीनें जपानांत बनविलेली तशाच घाटाची सायकल जवळजवळ निम्म्या किंमतींत बाजारांत आणली. 'माउंटन बाईक' हें नांवही फिशर-केली यांच्या मालकीचें न राहतां सामान्यनाम होऊन बसलें. १९८३ सालीं भागी मोडली. केली बाहेर पडला, आणि फिशरनें स्वतःच्या नांवानें कंपनी काढली. पुढें १९९१ सालीं ती तैवानच्या एका कारखानदारानें घेतली आणि १९९३ सालीं ट्रेक या मोठ्या अमेरिकन कंपनीच्या हातीं गेली. फिशर मात्र आपल्या नांवाबरोबर राहिला. त्याची जुनी शर्यतपटूची खोड सुटली नव्हती. १९९८ च्या सुमारास त्याच्या गाड्यांची बैठक लांबविण्यांत आली, ती उतारावर स्वार हँडलवरून पुढें फेंकला जाऊं नये म्हणून. नंतर सव्वीस इंची चाकांच्या जागीं एकोणतीस इंची चाकें घालण्याचा आग्रह त्यानें धरला. मोठें चाक खांचेंत अडकत नाहीं, दगडावरून सहज चढतें, हा साधा हिशेब. तरी प्रथम लोक हंसले, आणि पुढें त्याच चाकांवर जागतिक शर्यती जिंकल्या गेल्या. दुसऱ्याची हंसूं होणारी कल्पना आपल्या पैशानें बाजारांत रेटण्याचें धाडस मोठ्या कंपनीच्या पाठबळावरच होऊं शकतें, हेंही येथें मान्य केलें पाहिजे.

२०१० सालीं ट्रेकनें 'गॅरी फिशर' हा स्वतंत्र छाप बंद करून त्या गाड्या आपल्या मालिकेंत सामावून घेतल्या. अशा रीतीनें कंपनीचें पहिलें नांव जगाचें झालें आणि दुसरें धन्याच्या नांवांत विरलें.

फेअरफॅक्स गांवांत २०१५ सालापासून सायकलींचें संग्रहालय आहे. तेथें त्या काळच्या गाड्या पाहावयास मिळतात. बाहेर टेकड्यांवर मात्र पायीं फिरणाऱ्यांच्या तक्रारींमुळें पुष्कळ अरुंद वाटा सायकलींस बंद झाल्या, आणि कच्च्या रस्त्यांवर वेगमर्यादा ठरली ती ताशीं १५ मैल.